आईने देवाला हात लावला नाही ती वर्षं

मोठी माय गेली त्या वर्षीच्या दिवाळीत माझ्या लक्षात आलं, की आई देवाला दिवा लावत नाही.

एरंडोलजवळच्या एका गावात माझं माहेर. सासर धुळ्याला, आणि तिथल्याच एका शाळेत मी शिकवते, त्यामुळे माहेरी जाणं सुट्ट्यांपुरतं. आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. ती वैशाखात गेली होती, म्हणून त्या दिवाळीत घरात फराळ नव्हता, कंदील नव्हता. ते ठाऊकच होतं. पण संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यासमोर वाकून काडी ओढताना दिसले. काडी विझायची, ते दुसरी ओढायचे. उभ्या जन्मात त्यांनी हे काम केलं नव्हतं. आई मागच्या दारात आमच्याकडे पाठ करून लसूण सोलत बसली होती.

"तू का नाही लावत गं?" मी विचारलं.

"लागला ना दिवा? मग झालं," ती म्हणाली. मान वर केली नाही.

मला वाटलं, थकवा असेल. थकायला तिला कारण होतं. मोठी माय न्हाणीत पडून खुबा मोडला, जळगावला ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा चालली नाही. मधल्या खोलीत खाट टाकली आणि तिथून पुढची सगळी वर्षं आईची त्या खाटेभोवती गेली. हळूहळू मोठ्या मायची आठवणही गेली. जेवली तरी जेवले नाही म्हणायची. आईला कधी सून म्हणून ओळखायची, कधी स्वतःची मेलेली बहीण समजायची. आबांनी मेडिकलमधून मोठ्या माणसांचे डायपर आणले, तर तिच्या मांड्यांना चट्टे उठले. मग आईने जुन्या लुगड्यांचे तुकडे केले. ते भिजले की बदलायचे, चादर काढायची, अंग पुसायचं, सकाळी सगळं धुऊन मागच्या तारेवर वाळत घालायचं. माझा भाऊ पुण्याला, मी धुळ्याला. मी यायचे, दोन दिवस मोठ्या मायचे केस विंचरायचे, पाय चेपायचे आणि पुन्हा बस धरायचे. गावातल्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. ते ऐकून मला आईचा अभिमान वाटायचा.

मग एका उन्हाळ्यात मोठ्या मायला ताप भरला. जळगावच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तपासलं, लघवीत इन्फेक्शन आहे म्हणाले, आणि सलाईन लावता लावता सहज विचारलं, "पाणी कमी पीत होत्या का या?"

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "या वयात होतं असं," म्हणत ते पुढच्या खाटेकडे गेले. चौथ्या दिवशी मोठी माय गेली.

वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमले. पंगती उठल्यावर मंडळी ओट्यावर पान खात बसली होती. आबांचे एक चुलतभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनीनं म्हातारीचं केलं, ते पोटच्या पोरीनं केलं नसतं. हिच्या पायाचं तीर्थ घ्यावं."

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. तिने तो तिथेच टेकवला आणि घराला वळसा घालून गोठ्याकडे गेली. मी थोड्या वेळाने मागे गेले. ती गव्हाणीच्या कठड्यावर बसली होती आणि लुगड्याच्या पदराने तोंड दाबून धरलं होतं.

आई माझ्याशी एरवी शहरातलं बोलायची, मी शिकले तेव्हापासून. मनातलं निघालं की मात्र अहिराणीच. ती म्हणाली, "तो माणूस काय बोलना, ऐकं का तू? आन मी मारेल शे तिले." मीच तिला मारलंय.

मी तिच्याजवळ बसले. तिने सांगितलं ते असं.

त्या शेवटच्या उन्हाळ्यात ती पार थकली होती. रात्रीतून इतक्यांदा उठावं लागायचं, की सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या डोळा लागायचा. एकदा तर पदर पेटता पेटता राहिला. मग तिच्या मनात आलं, की दिवस मावळल्यावर मोठ्या मायला पाणी कमी द्यावं. म्हणजे रात्री अंथरूण भिजणार नाही. म्हातारी पाणी मागायची. आई म्हणायची, "आत्तेच पाजं ना तुम्हले." आत्ताच तर पाजलं. मोठ्या मायला आठवायचंच नाही. ती आईच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "हां का? मंग ऱ्हाऊ दे." आणि ओठांवरून जीभ फिरवत पडून राहायची.

"तिनी मन्हा इस्वास धरा," आई म्हणाली. "पहिले फक्त रातले. मंग दुपारलेबी."

बाहेर तेव्हा अंगाची लाही होत होती. मोठी माय कुलरसमोर होती, पण कुलरने तहान भागत नाही.

मी बोलायला तोंड उघडलं आणि जे सुचलं ते सगळं बोलले. तू एकटीच होतीस. तू इतकी वर्षं केलंस, त्यातले हे थोडे दिवस. डॉक्टर स्वतः म्हणाले, वयामुळे होतं. इन्फेक्शन कशानेही होतं. तुझा हेतू वाईट नव्हता. आई माझ्याकडे बघत होती. वर्गात एखाद्या मुलाला माझं शिकवणं अजिबात कळत नसलं, की तो माझ्याकडे असाच बघतो. माझं बोलून संपल्यावर ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "आबास्ले सांगू नको." आबांना सांगू नकोस. मोठी माय आबांची आई होती.

मी नाही सांगितलं.

त्यानंतर मला घरातलं एकेक दिसू लागलं. इतके महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी पाहिलं नव्हतं. आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची, आणि ताटात करपलेली भाकर घ्यायची. मी आणलेली साडी घडीसकट पेटीत पडली होती. लोणच्याच्या बरणीला ती हात लावत नव्हती, शेजारणीकडून काढून घ्यायची. माझी मुलगी तिच्या मांडीवर जाऊन बसली, तर तिने तिला उचलून खाली ठेवलं आणि म्हणाली, "आईकडे जा, मन्हा आंगले वास येस." वास कसला यायचा? रोज दोनदा अंघोळ करायची ती.

मी तिला धुळ्याला घेऊन आले. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती दुपारी झोपायला लागली, आणि झोपून उठल्यावर माझ्याकडे अशी बघायची, जणू झोपून तिने काही चोरी केली आहे. मी डॉक्टरांना एकटी भेटून खरं ते विचारलं, की पाणी कमी दिल्याने एखादं म्हातारं माणूस जाऊ शकतं का. ते चांगले होते, टाळाटाळ केली नाही. म्हणाले, "जाऊ शकतं. नाहीही जात. तुमच्या आजीचं नेमकं कशानं झालं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही." मी घरी येऊन आईला यातलं कुठलं वाक्य सांगणार होते? तिला हो किंवा नाही हवं होतं. तिची काही हरकत नव्हती, हो असलं तरी चालणार होतं.

तिला गावी सोडायला जाताना पद्मालयाला नेलं. लहानपणी ती आम्हा दोघा भावंडांना तिथे न्यायची, गणपतीपुढे नाक घासायला लावायची. तळ्यात कमळं होती. पायऱ्यांशी आल्यावर ती म्हणाली, "तू जाऊन ये." मी आग्रह केला. हात धरला. ती खाली बसली ती उठेचना. माणसं आमच्याकडे बघायला लागली. शेवटी मी एकटी आत गेले, आणि गणपतीपुढे उभी राहिले तर काय मागावं ते सुचेना. देव क्षमा करतो असं मी शाळेत मुलांना सांगते. पण ज्याला क्षमा हवी तो बाहेर पायरीवर बसून असेल, तर त्याच्या वतीने हात कसे जोडायचे, हे मला येत नव्हतं. मी प्रसाद घेऊन बाहेर आले. आईने तो घेतला नाही. चपला ठेवायच्या जागेवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातावर ठेवायला लावला.

श्रावण आला. खान्देशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. आमची कानबाई म्हणजे पिढ्यांपासूनचा नारळ, लाल कपड्यात गुंडाळून जपलेला. रविवारी त्याला नथ, दागिने घालून पाटावर बसवायचं, भाऊबंदांनी मिळून नैवेद्याचे रोट करायचे, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन परत आणायचं. तिला बसवणं आईकडे, कारण ती घरातली थोरली सून. मोठी माय गेली त्या वर्षीच्या श्रावणात दुखवट्यामुळे काही केलं नव्हतं. या वर्षी करायचं होतं. आईने आबांना सांगून टाकलं, की तिच्या हातून होणार नाही. भाऊबंदांत कुरबुर झाली.  कानबाई चुलत्यांकडे बसली आणि दुखवटा नसताना आमच्या घरात पहिल्यांदाच रोट झाले नाहीत.

आबा मला फोनवर म्हणाले, "तुझ्या आईला काय होतंय, तुला माहीत आहे का?"

"नाही आबा," मी म्हणाले.

 ते म्हणाले, "बरं."

पुढचं वर्ष तसंच गेलं. मी जायचे, यायचे. फोन करायचे. आई 'सगळं ठीक' म्हणायची. वजन उतरत चाललं होतं. मी तिला देवाची गाणी, कीर्तनं मोबाईलवर पाठवायचे. ती उघडायचीही नाही, हे मला त्या निळ्या न झालेल्या खुणांवरून कळायचं. शेवटी मी पाठवणं सोडून दिलं. खरं तर मी मनातून हरले होते. एखादं माणूस स्वतःच्या नजरेतून उतरलं, की बाकीच्यांच्या नजरेतल्या किमतीचा त्याला काही उपयोग होत नाही, हे मला रोज दिसत होतं आणि त्यावर माझ्याकडे काही नव्हतं.

पुन्हा श्रावण आला तेव्हा आबा म्हणाले, "यंदा कानबाई आपल्या घरी बसेल. तुझी आई नाही बसवणार तर मी बसवतो. तू ये."

मी सुट्टी टाकून गेले. धाकटी चुलती आली. आम्ही दोघींनी दळण केलं, मधली खोली सारवल्यासारखी पुसून घेतली. खाट केव्हाच काढली होती. आबांनी केळीचे खांब बांधले आणि पाट मांडला. नथ कशी अडकवायची ते त्यांना जमेना, ती चुलतीने अडकवली. आई मागच्या अंगणात सरपण मोडत होती. एवढं सरपण कोणालाच लागणार नव्हतं.

दुपार उतरली होती. चुलती अंघोळीला तिच्या घरी गेली, आबा कण्हेरीची फुलं आणायला मळ्यात गेले. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. आई मागच्या दाराने आत आली, माझ्याजवळून गेली आणि मधल्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत नाही गेली. मी पुरण वाटायचं थांबवलं.

ती बोलायला लागली. आधी मला वाटलं माझ्याशीच बोलते आहे.

"माय, मी आत नही येत. अठूनच बोलस," ती पाटावरच्या कानबाईला म्हणाली. इथूनच बोलते. "मी तिले पानी नही दिधं. तिनी मांगं, आन मी खोटं बोलनू. मी थकी गयथू. पन थकनं हाई काय कारन शे? नही शे. माले ठावं शे."

ती थांबली. रडत नव्हती. बाजारात हिशेब चुकलेला माणूस बोलतो तशी सरळ बोलत होती.

"माफ कर आसं कोनता तोंडे म्हनू? ते नही म्हनत. तू माले घे, नहीते नको घेऊ. पन माले आठे उभी ऱ्हाऊ दे. दोन वरीस जयात, मी कोठेच उभी नही ऱ्हायनू."

दोन वर्षं ती कुठेच उभी राहिली नव्हती. मी गोठ्यात, दवाखान्यात, पद्मालयाला, फोनवर इतकं बोलले, त्यातलं एकही वाक्य याच्या जवळपास गेलं नव्हतं. मी तिला सारखी सांगत होते की तू काही केलं नाहीस. तिला मात्र केलं आहे असं म्हणून उभं राहायला जागा हवी होती.

तेवढ्यात पुढच्या दाराशी हालचाल झाली. आबा टोपलीत फुलं घेऊन उंबऱ्यात उभे होते. किती वेळ उभे होते देव जाणे. आईला ते दिसले आणि तिने भिंत धरली. मला पुढे व्हायचं होतं, पण हात पुरणाने भरलेले होते.

आबांनी टोपली खाली ठेवली. टोपी काढली. मग ते म्हणाले, "मालेबी ऐकू ये."



"ती पानी मांगे, ते माले ओटावर ऐकू ये," आबा म्हणाले. "मी उठनू नही. तू शे ना घरमा, आसं म्हनू. मन्ही माय व्हती ती."

त्यांची आई पाणी मागत होती, ते त्यांना ओट्यावर ऐकू येत होतं, आणि ते उठले नव्हते.

मला वाटलं, आता आईचा भार हलका होईल. ती रडेल, दोघं जवळ बसतील. तसं काही झालं नाही. आईच्या तोंडावर मी कधी न पाहिलेला राग आला. "तुम्हले ऐकू ये?" ती म्हणाली. "आन तुम्ही बठेल ऱ्हायनात?" एवढंच. मग ती पुन्हा अंगणात गेली. आबांनी फुलं कानबाईला वाहिली.  चुलती ओले केस बांधत परत आली आणि म्हणाली, "पुरण झालं का?" मी झालं म्हणाले.

गाण्यांना बायका जमल्या तेव्हा आई सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसली होती. गात नव्हती. पण बसली होती. सकाळी कानबाई नदीवर निघाली तेव्हा ती मिरवणुकीच्या अगदी शेवटी चालत आली, वाजंत्रीपासून लांब, माझ्या मुलीचा हात धरून. मुलीनेच तो धरला होता, पण आईने सोडवून घेतला नाही.

आबांशी ती कित्येक आठवडे बोलली नाही. जेवायला वाढायची, बोलायची नाही. मी फोनवर आबांना विचारायचे, कसं आहे. ते म्हणायचे, "उभी राहते." म्हणजे रोज सकाळी अंघोळ झाली की ती देव्हाऱ्यापासून चार हात लांब, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि हळू आवाजात काहीतरी बोलायची. पोथी नाही, मंत्र नाही. आदल्या दिवसाचंच काहीबाही सांगायची. कोणावर ओरडले, काय खोटं बोलले, कोणाला नाही म्हटलं. आबा तेवढ्या वेळापुरते बाहेर जायचे. एकदा त्यांना चष्मा घ्यायला परत यावं लागलं, तर शेवटचं त्यांच्या कानावर पडलं. "त्यास्लेबी घे," ती म्हणत होती. यांनाही घे. आबांनी मला हे सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर ती कधी एक पाऊल पुढे गेली, कधी देव्हाऱ्यापर्यंत पोहोचली, मला सांगता येणार नाही. संक्रांतीला गेले तेव्हा ती देव पुसत होती.  नवी साडी अजून पेटीतच होती. वजन थोडं भरलं होतं. मध्येच एखादा दिवस असा यायचा, की ती पुन्हा शेवटी जेवायची, पुन्हा करपलेली भाकर ओढून घ्यायची. विचारलं तर म्हणायची, "आज नको इचारू."

आता तिला सगळं माफ झालं का, हे मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. मी एकदा विचारलं, तुला काही उत्तर मिळतं का. ती म्हणाली, "नाही. पण जा असं अजून कोणी म्हटलं नाही."

गेल्या उन्हाळ्यात माहेरच्या गल्लीतली एक म्हातारी पडली आणि खाटेला लागली. तिची सून आमच्याकडे ताक न्यायला यायची. तिशीतली, डोळ्यांखाली काळं झालेली. एकदा ती ओट्यावर बसल्या बसल्याच झोपली. आईने तिला उठवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आई दुपारी त्यांच्याकडे जाऊन म्हातारीजवळ बसायला लागली, म्हणजे त्या सुनेला दोन तास पडता यावं.

मी तेव्हा माहेरीच होते. पहिल्याच दिवशी ती परत आली ती घाबरलेली. म्हातारीने तिच्या हाताला चावा घेतला होता आणि आईने तिच्यावर हात उगारला होता. मारलं नव्हतं, पण उगारला होता. "आजबी तोच हात शे," ती मला म्हणाली.  उद्यापासून जाऊ नकोस म्हणावं, की जा म्हणावं? दोन्ही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून मी तिच्या मनगटाला हळद लावत बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. आई हात धुऊन देव्हाऱ्यापुढे गेली, या वेळी अगदी जवळ. काय बोलली ते मला ऐकू आलं. "मन्हा हात धरी ठेव," ती म्हणाली. माझा हात धरून ठेव. मग तिने डोक्यावर पदर घेतला, चपला पायात सरकवल्या आणि भर उन्हात गल्ली ओलांडून पलीकडच्या दारात शिरली.